ऑफ-रोड गाडीची बॅटरी बदलताय? आधी या चुका टाळा

सेल्फ मारला आणि नुसता कट-कट आवाज आला, की आपल्याकडे निदान ठरलेलंच असतं: बॅटरी गेली. संध्याकाळपर्यंत नवी बसते, तीही आधीपेक्षा मोठी, कारण थारला पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) लावलाय आणि डिकीत फ्रिज ठेवायचाय. दोन महिन्यांनी ताम्हिणीकडच्या एखाद्या चिखलवाटेवर पुन्हा तोच कट-कट. मग दुकानदाराला शिव्या, कंपनीला शिव्या. बिचारी बॅटरी मात्र कित्येकदा चेसिसवरच्या गंजलेल्या अर्थिंग पट्टीची (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीला जोडणारी पट्टी) शिक्षा भोगत असते.

न मोजता बॅटरी बदलणं

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. तो १२.५ वरच अडकला असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र), त्याचा पट्टा किंवा चार्जिंगची वायर तपासा. नवी बॅटरी टाकलीत तर तीही आठवड्याभरात बसेल. बीएस-६ गाड्यांमध्ये एक गंमत असते. बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो आणि डिझेल-पेट्रोल वाचवायला तो मुद्दाम व्होल्टेज खाली ठेवतो. तिथे हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू करून पुन्हा मोजा, मगच अल्टरनेटरवर संशय घ्या.

आता अर्थिंग. मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच ठेवा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. मित्राला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला, तर बॅटरीपासून इंजिनपर्यंतची निगेटिव्ह वाट खराब आहे. पाण्यातून आणि लाल मातीतून गाडी काढणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष इतका सर्रास सापडतो, की मी बॅटरीपेक्षा आधी यावरच संशय घेईन. पट्टी सोडवायची, दोन्ही टोकं घासून चकचकीत करायची, बोल्ट घट्ट करून वरून ग्रीस. खर्च जवळपास शून्य. सेल्फ मारताना खुद्द बॅटरीच्या दोन खांबांमधलं व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तर मात्र खुशाल नवी घ्या.

तिसरा चोर म्हणजे गाडी बंद असताना वाहणारा करंट. डॅशकॅम, ट्रॅकर, अँप्लिफायर, कुणीतरी थेट बॅटरीवर जोडलेला यूएसबी चार्जर. ५० मिलिअँपियरपर्यंतची गळती चालते, दिवसाला १.२ अँपियर-अवर जातात. तीच गळती २०० मिलिअँपियर झाली, तर ६० अँपियर-अवरची बॅटरी आठवड्याच्या आतच अर्धी होते. शनिवार-रविवारीच निघणाऱ्या गाड्यांची बॅटरी सोमवार ते शुक्रवार अशी मरते. गळती मोजायला निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर जोडा, दारं लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

फक्त अँपियर-अवर बघणं

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती एएचची आहे?" हा आकडा सांगतो की बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर किती करंट देईल. म्हणजे ६० एएचची बॅटरी ३ अँपियर वीस तास देते. पण इंजिन फिरवायला काही सेकंदांत शेकडो अँपियर लागतात. त्यासाठी सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) हा वेगळा आकडा असतो: उणे १८ अंश तापमानात, तीस सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता किती अँपियर मिळतील ते. आपल्याकडे उणे १८ कोण बघतंय, असं वाटेल. पण जास्त सीसीए म्हणजे आतला रोध कमी, आणि तोच गुण विंचच्या कामी येतो. डिझेल इंजिनला तर हा आकडा पेट्रोलपेक्षा जास्तच लागतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या सीसीएच्या खाली उतरू नका.

याच गैरसमजातून जुन्या जीपमध्ये घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टाकणारेही असतात. "दीडशे एएच आहे, मरेपर्यंत पुरेल." ती सावकाश, तासन्‌तास पंखे-दिवे चालवायला बनवलेली असते. जाड प्लेटा, उंच डबा, पन्नास किलोच्या आसपास वजन, आणि सेल्फसाठी लागणारा जोराचा झटका देण्यात कच्ची. उताराला वाकड्या गाडीत ॲसिड सांडेल ते वेगळंच.

साइझ आणि टर्मिनलबद्दल थोडक्यात. जपानी पद्धतीच्या कोडमध्ये, उदाहरणार्थ ८०डी२६एल, २६ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. डीआयएन (जर्मन मानकाची) साइझ बुटकी असते आणि तळाच्या कडेला पकडून बसते. हे पाठ करत बसू नका. जुनी बॅटरी ट्रेमध्ये असतानाच वरून फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा. प्लसची बाजू उलटी आली की वायर ताणून बसवतात, आणि ताणलेली वायर बॉनेटला घासली की काय होतं ते सांगायला नको.

विंच लावलाय म्हणून दुसरी बॅटरी

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. साडेनऊ हजार पाउंड ओढण्याच्या क्षमतेचा विंच पूर्ण ओढीवर ४०० अँपियरच्या घरात करंट खातो. ऐकून घाम फुटतो. पण हिशेब करा. अल्टरनेटर शंभरेक अँपियर देतोय असं धरलं तर बॅटरीवर पडतात ३००. एक मिनिटाच्या ओढीला ५ अँपियर-अवर गेले. गाडी चिखलात पोटावर बसली आणि थांबत-थांबत तीन मिनिटं पूर्ण जोर लागला, तरी १५. चांगल्या स्थितीतली ६५-७० एएचची एकच बॅटरी हे झेलते, अट एवढीच की इंजिन चालू हवं. नुसत्या आयडलवर अल्टरनेटर निम्मंही देत नाही, म्हणून आरपीएम दीड हजाराच्या आसपास धरा. आणि मधे थांबा. विंचची मोटर तशीही सलग चालवायची नसतेच.

स्नॅच ब्लॉक (दोर अडकवायची कप्पी) लावून दोर दुहेरी केला तर विंचवरचा भार निम्मा होतो आणि करंट त्यामानाने उतरतो. दुसऱ्या बॅटरीच्या किमतीत दोन-तीन स्नॅच ब्लॉक येतील.

मग सह्याद्रीत फिरणाऱ्याला दुसरी बॅटरी कधी लागते? फ्रिज असेल तेव्हा. चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४-५ अँपियर घेतो, मधेमधे बंद पडतो, तरी मे महिन्याच्या उन्हात दिवसाला ४०-५० अँपियर-अवर सहज खातो. एकाच जागी दोन रात्री मुक्काम केला तर सेल्फची बॅटरी उताणी पडणार हे नक्की. साधी बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की काही महिन्यांत प्लेटांवर सल्फेट जमून ती कायमची दुबळी होते, हाही मुद्दा आहेच. मुक्कामाला जातच नसाल, सकाळी निघून रात्री घरी येत असाल, तर एकच चांगली एजीएम घ्या आणि विषय संपवा. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि प्लेटा दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे खडकांवरचे हादरे ती साध्या बॅटरीपेक्षा चांगले सोसते, वाकडी झाली तरी सांडत नाही. महाग आहे, कबूल. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत आधीपासून एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचीच सुधारित, दणकट आवृत्ती) असेल तर तिथे साधी टाकून पैसे वाचवायला जाऊच नका.

दोन बॅटऱ्या कशाही जोडणं

दुसरी बॅटरी घेतलीच, तर जुनी-नवी थेट समांतर जोडू नका. नवी रात्रभर जुनीला पोसत बसते आणि सकाळी दोन्ही संपलेल्या असतात. मधे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले टाकतात. तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. जुन्या गाड्यांत, दोन्ही बॅटऱ्या साध्या किंवा दोन्ही एजीएम असतील तर हे स्वस्त आणि मस्त. मात्र दोन ठिकाणी हा रिले फसतो.

पहिलं ठिकाण म्हणजे वर सांगितलेला संगणकवाला अल्टरनेटर. त्याने व्होल्टेज १२.५ वर आणलं की रिले सुटतो आणि पुण्याहून दापोलीपर्यंत गाडी हाकूनही मागची बॅटरी अर्धीच राहते.

दुसरं, लिथियम. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं आकर्षण कळतं: १०० एएचची एजीएम तीस किलोच्या आसपास भरते, एलएफपी बारा-तेरा किलोत येते, शिवाय ती जवळपास पूर्ण वापरता येते. पण तिचं व्होल्टेज नुसतं पडून असतानाही १३.२-१३.३ असतं. १२.८ ला सुटणाऱ्या रिलेला वाटतं इंजिन अजून चालूच आहे, आणि तो सुटतच नाही. फ्रिज दोन्ही बॅटऱ्यांवर मजेत चालतो. वर तिचा रोध इतका कमी की रिकामी असताना अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते, आणि संथ चढावर, पंख्याला हवा नसताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून लिथियम असेल किंवा बीएस-६ गाडी असेल तर मधे डीसी-डीसी चार्जरच (येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढंच देणारा) हवा. २५-३० अँपियरचा पुरतो. लिथियम बॉनेटखाली ठेवू नका, तिथल्या उष्णतेत तिचं संरक्षण सर्किट तिला बंद करतं. आणि हिवाळ्यात स्पितीला निघाला असाल तर शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं. आत हीटर असलेली असेल तरच न्या.

आणखी एक: विंच पुढच्या बॅटरीवर, मदतीला मागची, मधे १४० अँपियरचा रिले. विंचने ४०० मागितले की तो करंट मागच्या बॅटरीतून त्या रिलेमधून धावायला बघतो. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि ते चिकटलेत हे तुम्हाला कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

बारीक वायर, लांब फ्यूज

डिकीतल्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन आठ मीटर तांबं धरा. ६ चौरस मिमीच्या वायरमधून ४० अँपियर पाठवले तर वाटेतच जवळपास ०.९ व्होल्ट गळतात, अल्टरनेटरचे १४.२ तिथे १३.३ होऊन पोहोचतात आणि बॅटरी पूर्ण भरायला खूप वेळ लागतो. १६ चौरस मिमीला हीच गळती ०.३५ च्या आत येते. "वायर गरम होत नाही ना, मग चालेल," हे वाक्य इलेक्ट्रिशियनच्या तोंडून आलं की दुसरा इलेक्ट्रिशियन शोधा. लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. हातोडी मारून चपटा केलेला लग पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. दोन बॅटऱ्यांमधल्या वायरला दोन्ही टोकांना एकेक, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. विंचच्या वायरला सहसा फ्यूज नसतो, तिथे हाताने तोडता येणारा आयसोलेटर स्विच लावा आणि विंच वापरत नसताना तो बंद ठेवा. निगेटिव्ह खांबावर छोटा सेन्सर असलेल्या गाडीत अ‍ॅक्सेसरीची निगेटिव्ह त्या खांबावर न जोडता चेसिसवर द्या, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो.

केबिनमध्ये किंवा बंद डिकीत साधी ॲसिडची बॅटरी कधीच ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. आणि क्लॅम्प! ट्रेमध्ये हलणारी बॅटरी खडकाळ वाटेवर आतून सोलली जाते. प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो. दुकानदार घाईत एकच बोल्ट लावतो, तिथेच उभं राहून दुसरा लावून घ्या.

घेताना

महिनोन्‌महिने फडताळावर पडलेली बॅटरी सवलतीत मिळते. उत्पादनाची तारीख बघा आणि पैसे देण्याआधी तुमचाच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीवर "३६ अधिक ३६" लिहिलं असेल तर पहिले छत्तीस महिने फुकट बदलून, पुढचे छत्तीस महिने किमतीत फक्त सूट. विंच किंवा इतर जोडण्यांमुळे वॉरंटी जाते का, ते कार्डावर आधीच वाचा. जुनी बॅटरी दुकानातच द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी. भंगारवाल्याच्या अंगणात ॲसिड ओतायला नको.

बसवताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी जोडा. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, ते बॅटरीवाल्याला आधी विचारा. त्याच्याकडे स्कॅनर नसेल तर सर्व्हिस सेंटरला वेळ घेऊनच बॅटरी उचला.