अमेरिकेत नवीन आलात आणि बंदुकीचा विषय निघाला तर

इथे आल्यावर पहिल्या वर्षभरात हा विषय कधीतरी निघतोच. ऑफिसातला कुणीतरी म्हणतो शनिवारी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) चल, नाहीतर शेजारी गॅरेजमधली सेफ उघडून कौतुकाने दाखवतो, आणि आपण बंदूक जवळून पाहिलेली ती फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. घ्यावी की न घ्यावी या वादात मी पडत नाही, ज्याचं त्याने ठरवा. पण चुकून गोळी सुटल्याच्या इथल्या बातम्या वाचत गेलात ना, तर चोर, झटापट वगैरे त्यात फारसं नसतंच, माणूस नुसता बंदूक काढत, ठेवत, पुसत नाहीतर कुणाला दाखवत असतो. म्हणून ती जितक्या कमी वेळा हाताळाल तितकं बरं.

आधी व्हिसाचं बघा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असल्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. आणि रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ती 'बाळगणं'च धरली जाऊ शकते, त्यामुळे मित्र म्हणाला "चलता है यार" तरी त्याचं ऐकू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षकाचे चार नियम कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या तासाला शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी नको, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब, आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. गंमत म्हणजे कुणाला गोळी लागायला यातले निदान दोन नियम एकदम मोडावे लागतात. बोट चुकलं पण नळी भिंतीकडे असेल तर भिंतीला भोक पडतं, पायाला नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिकामी करताना. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा कप्पा, काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं वाटतं, पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथून ती उडते तिथे, असू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) दोनतीनदा मागे ओढायची, मग स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली दुसरी जाऊन बसते आणि तुम्ही निर्धास्त. त्यात ग्लॉकसारखं पिस्तूल साफ करायला खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो, म्हणजे आत गोळी राहिली असेल तर काय होतं ते समजलंच असेल. साफ करायला बसाल त्या खोलीत गोळ्या नकोतच.

रेंजवर एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. गोळी सुटल्यावर बाहेर उडणारं रिकामं पितळी कवच गरम असतं आणि ते कधीकधी कॉलरमधून आत पडतं, मग नवखा माणूस भरलेली बंदूक हातात घेऊनच नाचायला लागतो आणि नळी सगळ्या लेनवरून फिरते. बंद गळ्याचा टीशर्ट घाला, आणि तरी पडलंच तर भाजू दे, आधी नळी समोर ठेवून बंदूक खाली ठेवा. ट्रिगर दाबूनही गोळी उडाली नाही तर नळी समोरच धरून तीसेक सेकंद थांबा, कारण ती उशिरा उडू शकते. नुसता फुस्स आवाज आला तर पुढची गोळी मारू नका, पहिली नळीत अडकलेली असू शकते.

अंगावर बाळगणाऱ्यांचे किस्से तर विचारू नका. २००८ मध्ये प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात ट्रॅकपँटच्या कमरेला नुसतंच पिस्तूल खोचून गेला, ते घसरलं, त्याने पकडायला हात घातला आणि स्वतःच्याच मांडीत गोळी. न्यूयॉर्कचं परमिट नव्हतं म्हणून वर दोन वर्षांची शिक्षा. २०१८ मध्ये डेन्व्हरच्या बारमध्ये नाचता नाचता उलटी उडी मारणाऱ्या एका एफबीआय एजंटचं पिस्तूल पडलं, त्याने ते उचललं तेव्हा गोळी सुटून दुसऱ्याच्या पायाला लागली. पडणारी बंदूक झेलायची नाही, पडू द्या. आजकालची बहुतेक पिस्तुलं नुसती पडून उडू नयेत अशीच बनवतात, झेलताना बोट ट्रिगरवर जातं. होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) कडक हवं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि परत आत घालताना शर्टचं टोक किंवा जॅकेटची नाडी मध्ये येतेय का ते बघत सावकाश घाला, तिथे घाई कसली?

पर्समध्ये ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडनच्या वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि त्यात आई गेली.

बॅगेतही तेच. २०२३ मध्ये टीएसएला (विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याला) विमानतळांच्या चेकपॉइंटवर ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, विसरलो. दंड काही हजार डॉलरचा, वर प्रीचेक, म्हणजे झटपट तपासणीची सवलत, जातं. न्यायचीच असेल तर रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन लगेजमध्ये, आणि काउंटरवर आधी सांगून. रोड ट्रिपला निघताना लक्षात ठेवा की एका राज्याचं परमिट दुसऱ्यात चालेलच असं नाही, टेक्सासमधलं न्यू जर्सीत दाखवाल तर सरळ अटक होऊ शकते. पोस्ट ऑफिसात तर ती नेऊच नका.

आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही आणि येणारही नाही त्यांच्यासाठी, मुलांना पहिल्यांदा कुणाकडे खेळायला पाठवाल तेव्हा कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे वगैरे मेसेज करताच ना, त्यातच घरात बंदूक आहे का आणि कुलपात असते का हेही विचारून टाका. आपल्याला संकोच वाटतो, समोरच्या घरचं असं कसं विचारायचं म्हणून, पण इथले आईबाप विचारतात आणि ज्यांच्याकडे नीट कुलपात असते ते आनंदाने सांगतात. जो चिडला त्याच्या मुलाला आपल्याकडे खेळायला बोलवा.