रस्ता, बस, घरं यासाठी सरकारकडे पैसे मागायचेत? छोट्या कारखानदारांनी आधी हे वाचा

आमचं भोसरीत छोटं प्रेस शॉप (पत्र्याचे सुटे भाग दाबून बनवायचा कारखाना) आहे आणि माल रोज चाकणला जातो, म्हणजे ट्रॅफिकचं रडगाणं मला कुणी नव्याने ऐकवायला नको. असोसिएशनतर्फे निवेदनं देऊन देऊन जे कळलं ते लिहितोय, नवीन पोरांची दोनतीन वर्षं तरी वाचतील.

सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते शोधा. आमचं पहिलं निवेदन द्यायला बारा जण गेलो होतो, गुच्छ दिला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही". चूक आमचीच होती. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, हद्दीतले महापालिकेकडे, शिवाय एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहेतच. चाकणच्या चौकात पुणे-नाशिक म्हणजे ६० नंबर आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर म्हणजे ५४८-डी एकमेकांना छेदतात, दोन्ही नॅशनल हायवे, त्यामुळे तिथे आमदारासोबत खासदारालाही धरावं लागतं. आणि नंबर नॅशनलचा असला तरी काम दुसरीच यंत्रणा करत असू शकते. नक्की माहीत नसेल तर सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, वेळ. सगळे फेब्रुवारीत जागे होतात कारण मार्चमध्ये बजेट असतं. तोवर पंगत उठलेली असते राव. खात्यांचे पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आसपास तयार होतात, तुमचं पत्र त्याच्या आधी टेबलावर पाहिजे. ते हुकलं तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मंजूर होणारा जादा खर्च, असतात, पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरला नागपुरात. छोटं काम असेल, एखादी मोरी, पाचशे मीटरचा तुकडा, तर जिल्हा नियोजन समिती बघा, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. बजेटमध्ये रस्त्याचं नाव आलं म्हणून लगेच पेढे वाटू नका हां, कधीकधी नुसती टोकन तरतूद, म्हणजे नावापुरती रक्कम, असते. प्रशासकीय मान्यतेचा जीआर निघाला का, ५०५४ (बजेटमधलं रस्ते-पुलांच्या खर्चाचं शीर्ष) खाली या वर्षी प्रत्यक्ष किती रक्कम टाकली, हे दोनच प्रश्न विचारा.

आता खरा भाग, आकडे. "प्रचंड कोंडी होते" हे वाक्य साहेबांनी दिवसातून वीस वेळा ऐकलेलं असतं. आम्ही ड्रायव्हरला शंभर पानी वही दिली, चार रकाने आखून: गेटमधून निघाला कधी, पोचला कधी, कुठे अडकला, कारण. एक महिना. वही परत आली तेव्हा चहाचे डाग, एका पानावर कारण "म्हशी", पण अर्ध्याहून जास्त ओळींत एकच गोष्ट, एकाच वळणावर कंटेनर वळताना मागे-पुढे करतो आणि सगळं थांबतं. आम्ही तोपर्यंत अख्खा रस्ता चौपदरी करा म्हणून ओरडत होतो! मग मागणी बदलली, ते वळण मोठं करा आणि खांब हलवा, म्हणजे कमी पैशातलं आणि अधिकाऱ्याला फाइल पुढे ढकलता येईल असं काम. हिशोब असा मांडा: समजा ६ गाड्या, प्रत्येकीचे रोज ४० मिनिटं वाया, म्हणजे दिवसाला ४ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास. त्याला ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल लावा. असे वीस युनिटचे कागद एकत्र केले की वजन येतं.

बसचं गणित वेगळं. पीएमपीएमएल, म्हणजे आपली बस कंपनी, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली, आणि तिची तूट पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरतं. चाकण दोघांच्याही हद्दीबाहेर. म्हणून तिकडे जादा गाड्या मागितल्या की पहिला प्रश्न तुटीचा येणार, त्याचं उत्तर घेऊनच जा. शिफ्ट कधी सुटते, किती माणसं, कुठल्या भागातून येतात, हा तक्ता सोबत लावा.

घरांबद्दल थोडक्यात. "कामगारांना घरं द्या" याने काही होत नाही. पुणे, पिंपरीसारख्या दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या गृहप्रकल्पात २० टक्के परवडणारी घरं ठेवायचा नियम आहे, ती म्हाडाच्या लॉटरीतून जातात. आपल्या भागात अशी किती घरं ताब्यात आली ते विचारा आणि मगच मागणी करा. आणि एप्रिल २०२२ पासून पुण्यात खरेदीखतावर १ टक्का मेट्रो सेस लागतोय, आपण गाळा घेतला तरी. फुकट मागत नाही आहोत हे बोलताना लाजू नका.

शेवटी पत्र. एक पान, मराठीत, एकच मागणी. अकरा मागण्यांचं निवेदन म्हणजे अकरा जणांना फाइल टोलवायची सोय. एमसीसीआयए ही उद्योजकांची संस्था (मराठा चेंबर) १९३४ पासूनची आहे, सरकारदरबारी तिचं ऐकलं जातं, तिथे सभासद असाल तर तुमची वही त्यांच्या बजेटच्या सूचनांत जाऊ द्या. आमदाराला नुसतं "लक्ष घाला" म्हणू नका, तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) मसुदा टाइप करून द्या, त्यांचे पीए दुवा देतील. आणि कुठेही गेलात तरी दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी.