होडीतून बर्बॉट धरताय? या चुका टाळा

पानगळ सरत आली, पाणी १० अंशांच्या खाली उतरलं, की बर्बॉट उन्हाळ्यातली सुस्ती झटकून खायला निघतो. कॉड या समुद्री माशाचा हा गोड्या पाण्यातला भाऊबंद ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली अंडी घालतो; त्याआधी तो भुकेला असतो. याच दिवसांत नवखे होड्या काढतात आणि तेच घोळ पुन्हा घालतात.

सगळ्यात वाईट घोळ नांगराचा. वाहत्या नदीत नांगर होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा, मागे कधीही नाही. एकदा अंधार पडता पडता माझ्या सोबत्याने घाई केली. दोर मागे पडलेला होता, म्हणून नांगर तिथूनच सोडला आणि तिथेच गाठ मारली. दोर ताणला गेला तशी मागची बाजू खाली ओढली गेली. इंजिनाचं वजन तिथेच, त्यात प्रवाह सपाट फळीवर येऊन आदळत होता. बघता बघता पाणी काठावरून आत आलं. ओल्या दोराची गाठ इतकी आवळली होती की बधिर बोटांनी सुटेना. शेवटी सुरीने दोर कापला, तेव्हा वाचलो. त्या पाण्यात पडलं की काही मिनिटांतच हात काम करेनासे होतात. तेव्हापासून सुरी माझ्या लाइफ जॅकेटलाच अडकवलेली असते, आणि जॅकेट अंगात असतं, फळीखाली नाही. नांगराचा दोर खोलीच्या किमान पाचपट सोडतो.

तळ्यात मात्र दोन नांगर हवेत, एक पुढे, एक मागे. एकाच नांगरावर होडी वाऱ्याने डोलत राहते आणि तिच्याबरोबर आमिष तळावरून फरफटतं. बर्बॉट वासाच्या मागाने येतो; आमिष जागचं हललं की तो माग चुकतो.

भरदिवसा जाऊन "मासाच नाही" म्हणू नका. हा रात्रीचा मासा आहे.

आमिष तळाला टेकलेलं हवं, अधांतरी नको. मेलेल्या माशाचा तुकडा घाला आणि तो पाण्यात धुपून पांढरा पडला की बदला. मी अर्ध्या तासाने बदलतो. दोन-दोन तास तोच तुकडा ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

दुसरी चूक माझ्या जिवाला लागते: रॉड टेकवून थर्मास उघडून बसणं. बर्बॉट झटका देत नाही. टोक नुसतं दोनदा लवतं, दोरा किंचित जड होतो, आणि तेवढ्यात गळ पार पोटात गेलेला असतो. मग चिमट्याने ओढून आतडी फाडतात. सोडायचा मासा असा मारायला काय अधिकार आहे आपल्याला? दोरा बोटावर ठेवा, लवलं की लगेच उचला. गळ खोल गेलाच तर तोंडाजवळ दोरा कापा. तीनतोंडी गळ तर वापरूच नका. मी एकेरी, आत वळलेल्या टोकाचा गळ वापरतो. तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यातच अडकतो.

होडीत घेतल्यावर तो शेपटीने मनगटाला विळखा घालतो. दचकून हात झटकू नका. ओल्या फडक्यात धरा, सुटेल.