मागच्या रांगेतील इग्निशन कॉइल बदलताना

आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनात (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांचे इंजिन) पुढच्या तीन इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारे भाग, सहज हाताला येतात. मागच्या तीन मात्र केबिनकडील पत्र्याला लागून, बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) वरच्या भागाखाली दडलेल्या असतात. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी स्कॅनर लावून पी०३०१ ते पी०३०६ यांपैकी कोणता मिसफायर कोड (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याची खूण; शेवटचा अंक सिलिंडरचा) आला आहे ते पाहावे आणि सिलिंडरचे क्रमांक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पडताळावेत, कारण ते कंपनीनुसार बदलतात.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी. मॅनिफोल्डचा वरचा भाग उतरवला की उघड्या पडलेल्या वाटांमध्ये लगेच स्वच्छ कापड कोंबावे. आत पडलेला एखादा नट सगळे इंजिन खोलायला लावू शकतो. उष्णतेने कनेक्टरचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, त्यामुळे वायर न ओढता खटका दाबूनच तो सोडवावा. कॉइलचे रबर प्लगला चिकटलेले असते, तेव्हा बोल्ट काढल्यावर कॉइल आधी दोन्ही बाजूंना थोडी फिरवावी आणि मग सरळ वर खेचावी. प्लगच्या खोबणीत तेल दिसले, तर गळणारे सील बदलल्याशिवाय नवी कॉइल बसवण्यात अर्थ नाही.

एवढे उघडलेच आहे, तर मागचे तिन्ही स्पार्क प्लगही बदलावेत. जोडताना मॅनिफोल्डचे गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी चकती) नवे घालावे, कापडे मोजून बाहेर काढावीत आणि बोल्ट मॅन्युअलमधील क्रमाने व टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावेत.