उघडलेलं चीज टिकवायचं कसं?
कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की उघड्या चीजवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. ब्लॉक फ्रिजच्या दारात नको. दार उघडलं की तिथला गारवा पहिला जातो. भाजीच्या कप्प्यात, ४ ते ५ अंशांवर ठेवा. आधी बटर पेपर, मग डबा. नुसतं प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं की चीजला घाम सुटतो, वरचा थर चिकट होतो. सुरी कोरडी हवी. मिसळीचा कांदा चिरलेली तर नकोच, वास लगेच धरतो. कडक चेडरवर हिरवा ठिपका दिसला तर भोवतालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून टाका, सुरी बुरशीला न लावता. मऊ चीज किंवा पनीर असेल तर हळहळू नका, सरळ फेका. किसलेलं मोझरेला मात्र फ्रीझरमध्ये छान राहतं.