प्रोग्रेसिव्हचं मार्किंग काउंटरवर कुठे चुकतं

प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच लेन्समधून वर लांबचं, खाली जवळचं दिसणारा) नेलेलं गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं. "वाचायला हनुवटी वर करावी लागते हो." अशा वेळी नंबर पुन्हा काढायला पाठवण्याआधी मार्किंग, म्हणजे बाहुली लेन्सवर कुठे येते याची खूण, बघा. हनुवटी वर करावी लागते म्हणजे फिटिंग हाइट (लेन्सच्या तळापासून बाहुलीपर्यंतची उंची) कमी पडली. लांबचं धूसर दिसतं आणि मान खाली घातली की स्वच्छ होतं, म्हणजे हाइट जास्त झाली.

फ्रेम निवडतानाच पट्टी लावा. नेहमीच्या डिझाइनला बाहुलीपासून खाली साधारण 18 मिमी जागा लागते, शॉर्ट कॉरिडॉरला (लांबच्या आणि वाचायच्या भागामधला पट्टा आखूड असलेल्या डिझाइनला) 14च्या आसपास. त्याहून कमी असेल तर लेन्स फ्रेमच्या आकाराला घासताना वाचायचा भाग कापला जातो. फ्रेम कितीही आवडली असली, तरी हे तेव्हाच सांगा.

मग आधी फ्रेम चेहऱ्यावर बसवा, मार्किंग नंतर. नोजपॅड नीट करा, काड्या कानामागे वळवा, खालची कड गालाकडे थोडी झुकवा (8 ते 12 अंश). सगळ्यात जास्त चुका इथे होतात: डिलिव्हरीच्या वेळी नोजपॅड जवळ आणले की चष्मा वर सरकतो आणि अचूक घेतलेली हाइटही चुकीची ठरते.

आता गिऱ्हाइकासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसा. तो खुर्चीत आणि तुम्ही उभे, असं चालत नाही. वरून पाहिलं की खूण सरकते. तुमचा उजवा डोळा मिटा, त्याला तुमच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा आणि त्याच्या उजव्या बाहुलीच्या मधोमध डेमो लेन्सवर (नव्या फ्रेममध्ये असलेल्या बिननंबरच्या लेन्सवर) बारीक मार्करने खूण करा. मग दुसरी बाजू. फ्रेम काढायला लावा, पुन्हा घालू द्या, उभं राहू द्या. खूण बाहुलीवरच आहे ना?

हाइट मोजायची ती लेन्सच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या पातळीपासून, बाहुलीच्या सरळ खाली येणाऱ्या कडेपासून नव्हे. एव्हिएटरमध्ये हा फरक चांगलाच पडतो. पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, दोन्ही डोळ्यांची वेगळी लिहा. उजवी 31, डावी 33 असेल, तर 64चे निम्मे करून 32-32 लिहू नका.

चष्मा तयार होऊन आला की लेन्सवरच्या छापील खुणा लगेच पुसू नका. चष्मा गिऱ्हाइकाला घालून त्यांतला क्रॉस (बाहुलीसमोर यायची फुली) बाहुलीवर येतो का ते बघा. पुसल्या गेल्या असतील, तर लेन्समध्ये कोरलेली 34 मिमी अंतरावरची दोन बारीक चिन्हं उजेडात तिरकी धरून शोधा आणि कंपनीच्या चार्टवर ठेवून क्रॉस पुन्हा काढा.

देताना जिन्याचं आवर्जून सांगा: उतरताना नुसती नजर नको, मानच खाली घालायची. नाहीतर पायरी वाचायच्या भागातून दिसते आणि पाऊल चुकतं.