बॅग पडली, लॅपटॉप चालू पण स्क्रीन काळी: केबल पुन्हा बसवण्याचा उपाय

लक्षण असं: रेल्वेच्या वरच्या बर्थवरून बॅग पडली. नव्या लॅपटॉपचा पंखा फिरतो, कीबोर्डचे दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी. झाकण हळूच पुढेमागे केलं की चित्र क्षणभर लुकलुकतं.

पॉवर बटण 30 सेकंद दाबणं, ड्रायव्हर नव्याने टाकणं, सगळं फुकट. दोन दिवस डोकं उठलं. एचडीएमआयने टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, लुकलुकणाऱ्या चित्रात शाईसारखे डागही नव्हते. म्हणजे स्क्रीन फुटलेली नाही; संशय डिस्प्ले केबलवर, म्हणजे स्क्रीनला लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाशी जोडणाऱ्या केबलवर.

अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तर स्क्रूला हात लावू नका. साध्या वॉरंटीत पडझड सहसा बसत नाही.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मागचे स्क्रू निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर कीबोर्ड फुगतो. जुन्या एटीएम कार्डाने कव्हर उचका. सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, नाहीतर केबल हलवताना बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडू शकतो. मग बिजागरीकडून बोर्डावर येणारी केबल शोधा. टोकाची टेप सोला, धातूची कडी असल्यास उचला आणि कनेक्टर बोर्डाला समांतर मागे सरकवा. वर खेचलात तर पिना वाकतात. कनेक्टर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, सरळ आत सरकवा, कडी, टेप. बॅटरी शेवटी.

तरीही लुकलुकत असेल तर केबल बिजागरीत चिमटली असू शकते. नवी मागवताना जुन्या केबलवर छापलेला पार्ट नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये 30 आणि 40 पिनांच्या दोन्ही केबल असू शकतात.